शुद्धिपत्र

बत्तीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात
मी मुद्रितं तपासली.
ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेले काने, पोटफोड्या ष.
आता निवृत्त. माहीमला राहतो,
आणि हातात पेन्सिल घेतल्याशिवाय
मला अजून वाचता येत नाही.

वाचनालयातल्या परुळेकर बाई ही पुस्तकं
खिडकीजवळच्या कपाटात ठेवतात.
कपाटावर चिठ्ठी: इतर.
त्याच फळीवर पाककृती आणि मधुमेह.
मी मधुमेहापासून सुरुवात केली,
बाई बघत होत्या म्हणून.

पहिल्या कादंबरीत शेवटी दोघंही मरतात.
समासात लिहिलं: का?
दुसरीत एक मरतो, दुसरा कॅनडाला जातो.
समासात लिहिलं: तेच ते.
तिसरीतला मुलगा वरळीच्या समुद्राकडे पाठ करून
आईला सगळं सांगतो,
सलग अडीच पानं, एकदाही न अडखळता.
कोण बोलतं हो असं?
आमच्या आईनं एकदाच विचारलं होतं,
"जनार्दनला भेंडी चालते ना?"
त्या रात्रीपासून तीन ताटं.

मग घाटकोपरच्या वसाहतीतल्या एका पोराची गोष्ट.
ज्याच्यावर जीव जडलाय
तो आधी आडनाव विचारतो,
मग हात सोडतो.
तिथं पेन्सिल खाली ठेवली.
माझ्या आडनावानं मला सगळीकडे खुर्ची दिली होती,
आणि मी समजत होतो,
आपण जन्मभर उभेच आहोत.

एक पातळ पुस्तक मालवणीतलं. मालाडची मालवणी.
ब्लाउज शिवणारं एक माणूस,
स्वतःला तो म्हणत नाही, ती म्हणत नाही.
ते आलं. ते रुसलं. ते मशीनला तेल घालून झोपलं.
सवयीनं वीस पानांत मी अकरा चुका काढल्या.
ते म्हणजे पाखरू, ते म्हणजे लेकरू, ते म्हणजे घर,
एवढंच शिकवलेलं आम्हाला.
एकविसाव्या पानावर शेजारीण दारातून विचारते,
"ते आले का हो?"
आलं, आले.
एक टिंब उतरवायचं, एक मात्रा चढवायची,
की माणूस वडीलधारं होतं.
मी खोडरबर शोधायला उठलो.

जनार्दन चादरीवरचा चुरा झटकत म्हणाला,
"एवढं काय खोडलंस?"

त्याला सांगितलं नाही.
अठ्ठ्याऐंशी साली एका नवख्या लेखकाचं मुद्रित आलं होतं.
"मी त्याचा हात धरला आणि दिवे गेले."
बोलणारा पुरुष.
मी त्याचा-वर लाल काट मारली,
बाजूला लिहिलं: तिचा.
चूक वाटली म्हणून नव्हे.
ती चूक नाही हे कळलेला
अख्ख्या छापखान्यात मी एकटाच होतो,
आणि खिळे जुळवणाऱ्या पोरांनी
ते वाचून माझ्याकडे बघू नये,
एवढंच मला हवं होतं.

प्रती न्यायला तो आला तेव्हा
माझ्या टेबलाशी जरा थांबला.
माझ्याकडे नाही, पेनाकडे बघितलं त्यानं.
पुढे त्याचं दुसरं पुस्तक आलं नाही.
मी वाट बघत होतो असं म्हणणं
फार सोयीचं होईल.

माझ्याजवळ एक प्रत आहे.
काल तिच्यात चिठ्ठी चिकटवली,
जनार्दनकडून खळ करून घेऊन.
त्यानं खळ ढवळता ढवळता ती वाचली,
गॅस बारीक केला,
आणि बराच वेळ ढवळतच राहिला.

उरलेल्या चारशे नव्व्याण्णव कुठे असतील, ठाऊक नाही.
कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली.
तुमच्याकडे निघालीच,
तर पान चौऱ्याण्णव, ओळ अकरा.
तिचा-च्या जागी त्याचा करा.
पेन्सिलीनं नको.